थोरले इंजेक्टर

बाबांचं म्हणणं असं होतं की इंजेक्टर घेताना उद्याचं इंजिन डोळ्यांसमोर ठेवावं. आज लागेल तेवढ्याच मापाचे घेतले, तर पुढे टर्बोचा दाब वाढवायचा झाला की ते कमी पडतात आणि केलेलं सगळं पुन्हा उघडावं लागतं. म्हणून मुलाचा गणवेश शिवतात तसे थोडे वाढत्या अंगाचे घ्यावेत. नियम काही वाईट नव्हता. फक्त त्यात उद्या नावाची गोष्ट आहेच, असं धरलेलं होतं. आता कोणी गिऱ्हाईक मला 'पुढे लागतील म्हणून मोठे घेऊ का' असं विचारतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. मी त्याला चार शब्द सुनावते आणि मग उगाच चहा पाजते.

कुडाळहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. मागे घर, बाजूला काजूची थोडी झाडं. मी एकुलती एक. डिप्लोमा करून बाहेर नोकरी धरली, ती मानवली नाही, आणि परत येऊन बाबांच्या हाताखाली लागले. गावातल्या बायकांनी सुरुवातीला माझ्या लग्नावरून आईला खूप छळलं. 'तुझा चेडू गाडयेखाली निजता, तेका घोव खंयचो गावतलो?' असं म्हणायच्या. आई म्हणायची, 'गाडयेखालीच गावात एखादो.' नंतर त्यांच्याच स्कूटर माझ्याकडे यायला लागल्या आणि विषय बंद झाला.

गॅरेजच्या कोपऱ्यात कायम एक गाडी झाकून ठेवलेली असायची. बाबांची पहिली गाडी, जुनी, डब्यासारखी, लाल रंगाची. मी लहान असताना आम्ही तिघं त्या गाडीने बेळगावला एका लग्नाला निघालो होतो. आंबोलीच्या घाटात, धबधब्याच्या अलीकडच्या वळणावर, तिने दम सोडला. मागे सगळी वाहनं अडली. आई लग्नाच्या साडीत खाली उतरली आणि पावसात चाकांखाली दगड लावत राहिली. बाबांनी पहिल्या गिअरमध्ये, मग क्लच जाळत, मग उलटी घेऊन प्रयत्न केले. एसटीच्या खिडक्यांतून माणसं हसत होती. दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या करणारा माणूस आणि त्याची स्वतःचीच गाडी बायको ढकलते आहे! बाबा तो दिवस विसरले नाहीत. ही गाडी एक दिवस तिसऱ्या गिअरमध्ये, गिअर न बदलता, ते वळण चढेल, असं त्यांनी तिथेच म्हटलं होतं, आणि पुढची कित्येक वर्षं सवड मिळेल तसे ते तिच्या मागे लागले होते.

एका अपघातातल्या गाडीचं मोठं इंजिन तिच्यात बसवलं. कुडाळच्या एमआयडीसीत सिलिंडर घासून आणले. मग टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की पेट्रोलही त्या मानाने वाढावं लागतं, आणि ते फवारायचं काम इंजेक्टरचं. मूळचे इंजेक्टर त्या हवेला पुरेनात. हवा भरपूर, पेट्रोल तुटपुंजं, अशा वेळी सिलिंडरमध्ये इतकी आग होते की पिस्टन वितळतो. आमचा एक वितळलाही. त्याच्या डोक्याला पडलेलं भोक बाबांनी कौतुकाने सगळ्यांना दाखवलं आणि तो पिस्टन दारावर लिंबूमिरचीशेजारी टांगून ठेवला. गाडीची दृष्ट काढायला म्हणे.

तर आता नवे, बाहेरच्या कंपनीचे, जास्त पेट्रोल देणारे इंजेक्टर घ्यायचे होते. तेवढंच राहिलं होतं. आणि त्याच सुमारास बाबांचं जेवण कमी झालं.

आधी पित्त म्हणून काढे झाले. मग डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आई आणि मला बाहेरच्या बाकावर गाठलं. गाठ होती, वाईट जागी होती, उशीर झाला होता. 'यंदाचे गणपती बघतील ते,' डॉक्टर म्हणाले, 'त्याच्यापुढचं मी सांगणार नाही.' मग त्यांनी मला औषधांचा कागद दिला. ती आणायला मी खाली गेले, आणि परत आले तेव्हा आई वॉर्डाच्या दारात उभी होती. तिने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

'तेंका सांगशीत तर माझी शपथ आसा तुका.'

मला या गोष्टीचा संताप येतो. आमच्याकडे माणसाच्या मरणाची बातमी त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी कळायची असते. मासळीवालीला ठाऊक, एसटीच्या कंडक्टरला ठाऊक, चुलत्याच्या व्याह्यांना ठाऊक, आणि ज्याचं मरण त्याला मात्र 'उष्णता झालीय, ताक पी'. मी आईशी भांडले. माणसाला काही आवरायचं असतं, कुठे जायचं असतं, कोणाशी बोलायचं असतं, असं सगळं म्हटलं. पण आईची शपथ म्हणजे शपथ. एवढं शिकूनही ती मोडायचं धाडस मला झालं नाही, आणि परतीच्या वाटेवर मी बाबांना 'औषधांनी बरं वाटेल' असं अगदी खणखणीत आवाजात सांगितलं. बाबा 'व्हय, व्हय' म्हणाले आणि पुलावरून नदी बघत बसले.

त्यानंतर मी मनाशी एकच ठरवलं. बाकी काही हातात नाही, पण बाबा ते वळण तिसऱ्या गिअरमध्ये चढतील, आणि पाऊस लागायच्या आधी चढतील, अजून त्यांना क्लच दाबता येतो तोवर.

इंजेक्टरचे दोन संच पाहून ठेवले होते. बाबांनी त्यांना धाकटे आणि थोरले अशी नावं दिली होती. टर्बोचा दाब बेताचा ठेवला तर धाकटे पुरेसे होते, घाट आरामात चढला असता. शिवाय अशाच इंजिनाला तेच इंजेक्टर पुष्कळांनी लावले होते, त्यामुळे केव्हा किती फवारायचं हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला शिकवणारं गणित तयार मिळत होतं. बसवायचे आणि निघायचं. थोरले म्हणजे पुढची उडी. दाब पुष्कळ वाढवायचा असेल तरच त्यांचा उपयोग. पण इतका मोठा इंजेक्टर इंजिन नुसतं उभं असतानाही गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओततो. त्याला काबूत आणायला गाडी कोल्हापूरच्या ट्यूनरकडे नेऊन, यंत्रावर चढवून, सगळं गणित नव्याने मांडावं लागणार होतं.

दुपारची वेळ होती. बाबा गॅरेजमध्ये भंगारातून आणलेल्या एसटीच्या सीटवर टेकून बसले होते. आई दाराशी फणस फोडत होती, हाताला तेल लावून. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

'बाबा, धाकटे घेवया.'

'कित्याक?'

'पुरे जातत. लगेच बसतले. पावसाआधी आंबोली करून येवया.'

'आणि फुडे?'

'फुडला फुडे बगूया.'

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलकडे पाहत राहिले. मी पुढचा विचार न करता कधी एक बोल्टसुद्धा घेतला नव्हता. त्यांच्याच हाताखाली शिकले होते ना.

'फुडल्या वर्सा दाब वाढवूचो आसा,' बाबा म्हणाले. 'तेवा काय परत सगळा खोलत बसतलंस? थोरले मागव.'

मी वाद घातला. थोरल्यांनी गाडी उभी असताना थरथरेल, प्लग काळे होतील, कोल्हापूरची तारीख लवकर मिळत नाही. सगळी खरी कारणं दिली आणि खरं कारण गिळलं. बाबा हसत होते. प्रत्येक वेळी तेच. फुडल्या वर्सा. जास्त ताणलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला एवढी घाई कसली? मी आईकडे पाहिलं. ती सोडवेल असं वाटलं.

'तेंच्या मनासारखा होवंदे गो,' आई खाली बघून म्हणाली. 'ती पिचकारी मोठी काय आणि ल्हान काय.' ती इंजेक्टरला पहिल्यापासून पिचकारीच म्हणायची.

मी थोरले मागवले.

पार्सल आलं तेव्हा बाबांनी आधी अंघोळ केली. आमच्या गॅरेजची रीत आहे. मोठं काम हाती घेतलं की बॉनेटवर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि जो कोण हजर असेल त्याने प्रत्येक मागण्याला हुंकार द्यायचा. गिऱ्हाईक मुंबईचं असो की पुण्याचं, बाबा त्याच्याकडून 'व्हय म्हाराजा' वदवून घ्यायचे. नुसतं मनात म्हटलेलं चालत नसे. दहा माणसांनी होकार भरला की मागणं देवाच्या कानावर पक्कं पडतं, अशी त्यांची समजूत. त्या दिवशी हुंकाराला आम्ही दोघीच होतो.

बाबा एका हाताने गाडीला धरून उभे राहिले.

'बा देवा म्हाराजा, आज ह्या इंजिनाक नवीन इंजेक्टर बसवतव, ते गोड मानून घे रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

'काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, आणि माझ्या चेडवाच्या हाताक यश दी रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

'आणि फुडल्या वर्सा आमी तिगांय ह्याच गाडयेन आंबोली चढतलव, तेवा वाटेत खंयचा इघ्न येवंक देव नको रे म्हाराजा!'

माझा आवाज फुटला नाही. आईचा मात्र एवढा मोठा आला की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबून बघायला लागला. 'व्हय म्हाराजा!' देवासमोर उभं राहून इतकं धडधडीत खोटं बोलणारी बाई, असं माझ्या मनात आलं. मी तिच्याकडे रागाने पाहिलं. ती नारळाकडे पाहत होती.

इंजेक्टर बसवले. नव्या रबरी कड्यांना बाबांनी स्वतःच्या बोटाने तेल लावलं. चावी फिरवली. इंजिन ठसकलं, सुरू झालं, आणि मी म्हटलं होतं तेच झालं. आवाज वर जायचा, पडायचा, पुन्हा वर जायचा. मागून काळा धूर, सगळ्या गॅरेजभर कच्च्या पेट्रोलचा वास. भूक नसलेल्या माणसाच्या ताटात वाढत राहावं तसं ते होतं, आणि घरातही आम्ही तेच करत होतो. आई पेज वाढायची, बाबा दोन घास घेऊन ताट सरकवायचे, आई पुन्हा वाढायची.

ज्या माणसाला रस्त्याने जाणाऱ्या रिक्षाचा बिघडलेला व्हॉल्व्ह ऐकू यायचा, तो त्या थरथरणाऱ्या गाडीशेजारी उभा राहून म्हणाला, 'आवाज बरो येता गो. फुडल्या वर्सा बग.'

आजाराने कानही नेले, असं मला वाटलं. मी गाडीमागे जाऊन रडले.

कोल्हापूरच्या ट्यूनरला फोन केला. 'गाडी इकडं आणायला लागंल, ताई. फोनवर व्हायचं काम न्हाई हे,' तो म्हणाला, आणि त्याने दिलेली तारीख पाऊस लागल्यानंतरची होती. मी गयावया केली. कारण सांगितलं असतं तर त्याने काहीतरी केलं असतं, पण बाबा शेजारच्याच सीटवर होते. धाकटे मागवून बदलावेत असंही कितीदा मनात आलं. पण ते खोक्यातून निघाले असते तर बाबांना दिसलेच असते, आणि मग पुन्हा तोच प्रश्न. एवढी घाई कसली?

ती तारीख आली तेव्हा बाबांना धरून बसवावं लागत होतं. मी गेले नाही. पावसाचा जोर नसेल त्या दिवशी आम्ही दोघी त्यांना गॅरेजात नेऊन गाडीत बसवायचो. इंजिन बंदच. ते एक हात स्टिअरिंगवर ठेवायचे, दुसऱ्या हाताने गिअर तिसऱ्यात टाकायचे आणि तसेच बसून राहायचे. क्लचवर पाय नेता येईना, तेव्हा मी खाली बसून तो हाताने दाबून धरायचे. पुढे गाडीत बसणंही संपलं.

डॉक्टर चुकले. बाबांनी गणपती बघितले नाहीत. बाजारात गणपतीच्या वर टांगायची माटी बांधायचं सामान दिसायला लागलं आणि ते गेले. त्या वर्षी सुतकात आमच्याकडे माटी बांधलीच नाही.

दिवाळी झाल्यावर मी गाडी कोल्हापूरला पाठवली. ती पहिल्यांदा आंबोली चढली ती एका ट्रकच्या पाठीवर, पट्ट्यांनी बांधून. ट्यूनरने काम चोख केलं. गाडी परत आली ती शिवणयंत्रासारखी एका सुरात चालत. मी तिच्यावर कापड टाकलं. आईने ते दुसऱ्या दिवशी काढलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

'माका आंबोलीक घेवन चल.'

सावंतवाडी मागे पडली. घाट सुरू झाला, मी तिसरा गिअर टाकला, आणि ती समोर बघत म्हणाली, 'तेंका म्हायत होता.'

'काय म्हायत होता?'

'सगळा. गोव्याक तू औषधा हाडूक गेल्लंस, तेवा तेनी डाक्टराक सरळ इचारल्यानी. डाक्टरानय सांगल्यान. मगे माका म्हणाले, चेडवाक सांगशीत तर माझी शपथ आसा. मी जिता आसय तवसर तेच्या डोळ्यांत पाणी नको.'

मला गाडी थांबवायची होती. मागे ट्रक होता. 'मग थोरले कित्याक मागवल्यानी?' मी ओरडलेच. 'सगळा म्हायत होता तर धाकटे घेवन गेलो असतो ना आमी!'

'तू फुडला फुडे बगूया म्हटलंस ना. ता आयकला आणि तेंका कळला, चेडवाक कोणी तरी सांगल्यान. सांजेक माका म्हणाले, आता मी धाकटे घेतलंय तर तेका वाटतला बापूस जावक निघालो. थोरले मागवलंय म्हंजे ता समजतला, बापाशीक काय म्हायत नाय. आणि आपलो जीव रमवीत ऱ्हवात.'

'आणि तू? तुका दोगांचाय म्हायत होता! तू गप ऱ्हवलंस?'

'तेनी माका शपथ घातल्यानी. मिया तुका घातलय.' आईने पदर नीट केला. 'खंयची मोडू, सांग.'

ज्या बाईला मी देवासमोर खोटं बोलणारी म्हटलं, ती त्या गाऱ्हाण्यात एकटीच अशी होती जिला सगळं ठाऊक होतं. बाबा आणि मी एकमेकांना फसवत होतो, आणि दोघांचा हुंकार ती एकटी भरत होती. तिचा राग आला, बाबांचा आला, माझा आला. मी ॲक्सिलरेटर दाबला.

ते वळण आलं. दगड लावले होते ती जागा आता कठड्याने बांधून काढली आहे. गाडी तिसऱ्यात होती. ती वळली, चढली, निघून गेली. आवाजसुद्धा बदलला नाही. दाबाचा काटा निम्म्यावरही गेला नव्हता. थोरल्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं म्हणा ना. धाकट्यांवरही गाडी अशीच चढली असती. फणसाच्या दिवसांत चढली असती, आणि स्टिअरिंगवर बाबा असते.

वर टपऱ्यांपाशी मी गाडी थांबवली. धुकं होतं. आई उतरली नाही. बॉनेटकडे बघत म्हणाली, 'त्या ल्हान पिचकाऱ्यांवर चढली असती काय गो गाडी? खरा सांग.'

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचे हात मांडीवर अधांतरी होते, फणस फोडताना चीक साडीला लागू नये म्हणून धरतात तसे.

'नाय गो आये,' मी म्हटलं. 'त्याच वळणार बंद पडली असती. थोरलेच व्हये होते.'

आईने मान वळवून मला एकदा नीट पाहिलं. सगळा जन्म तिने एका मेकॅनिकबरोबर काढला होता.

'व्हय म्हाराजा,' ती हळू म्हणाली, आणि काचेवरचं धुकं पदराने पुसायला लागली.